वामकुक्षीच्या वेळी जागणारं यंत्र

दुपारची भांडी विसळून पालथी घातली, की बंदरावरचं अख्खं गाव आडवं होतं. मासळी बाजारातल्या बायका बर्फाच्या पेट्यांना टेकतात, औषधवाला गल्ल्यावर डोकं टाकतो, आणि त्या वेळी कुणाच्या दारात हाक मारणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर कुणी गेल्याची खबर घेऊन आलेला. माचोमायच्या देवळातही तीच रीत. दर्याच्या त्या देवीपुढे उदबत्त्या आपल्या आपण जळत राहतात, आणि देणगीच्या खिडकीशी बसणारी लानताई चष्मा काढून, हातांची उशी करून टेबलावर डोकं टेकते.

त्या दिवशी तिचा नुकता कुठं डोळा लागला होता. तेवढ्यात मागच्या खोलीतून गाणं ऐकू आलं.

‘सून उभी गं दारात, वाटी पेजेची हातात...’

थियामकाका लवकर उठले वाटतं, असं झोपेतच तिच्या मनात आलं. पण दुसऱ्याच ओळीला ती ताडकन उठून बसली. काकांचा आवाज गेल्या थंडीपासून पार बसला होता, विझत्या चुलीतून राख फुंकावी तसा झाला होता. आणि हा आवाज तर चिंच लावून घासलेल्या घंटेसारखा!

ती मागे धावली. थियामकाका वेताच्या आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते. आणि लांब टेबलावरचा कॉम्प्युटर, जो जेवणाआधी तिनं स्वतःच्या हातानं झोपवला होता, तो टक्क जागा होता. जागा होता आणि गात होता.

थियामकाका म्हणजे या देवळाचं गाणं. रोज वामकुक्षी आटोपली, की चंद्रासारखी गोल वीणा मांडीवर घेऊन ते मंडपातल्या स्टुलावर बसत आणि कथा लावत. हसवता हसवता माणसाला असा चिमटा काढत, की घरी जाऊन अंगावरचा वळ बघावा. लानताईचा नवरा होडीसकट गेला, त्या वर्षी ती एका दुपारी धक्क्याकडे निघाली होती, परत न येण्यासाठी. वाटेत देवळात कथा चालू होती. मिठागरावरच्या सुनेची. दारात भिकारीण आलेली, घरात एकच वाटी पेज, आणि मागून सासूची चाहूल. आता पुढे काय होतं तेवढं ऐकून जाऊ, म्हणून ती पायरीवर टेकली. काकांनी नेमकी तिथंच वीणा खाली ठेवली. म्हणाले, “पुढचं उद्या.”

ती उद्या आली. मग परवा आली. आता ती देवळाची खिडकी सांभाळते, आणि ती सगळी हकीकत तिनं आजवर कुणालाही सांगितलेली नाही. काकांनाही नाही.

तर अशा त्या काकांच्या जुन्या टेपा देवळाच्या अध्यक्षांनी, बर्फाच्या कारखान्याच्या कोआसाहेबांनी, हौसेनं कॉम्प्युटरमध्ये भरून घेतल्या होत्या. सकाळी देवळात त्याच लागत. सुनेची कथा सुरू होते न होते तोच जेवणाची वेळ होई, नि लानताई स्लीपचं बटण दाबी. गाणं आहे तिथं थांबे, यंत्र झोपे. आणि आता ते उठून, राहिलं होतं तिथूनच पुढे गात होतं.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, बटण नीट दाबलं गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी तिनं दोनदा बघून दाबलं. यंत्र उठलंच. तिसऱ्या दिवशी नेमके कोआसाहेब मागच्या दाराशी काढलेल्या चपला घालायला आत आले होते. त्यांनी ते ऐकलं, स्क्रीनकडे पाहिलं, झोपलेल्या काकांकडे पाहिलं, आणि हात जोडले.

“लानताई, अगं, हे काय आहे कळतंय का तुला?”

“बिघाड आहे, साहेब.”

“बिघाड कसला! आईनं कौल न लावता कौल दिलाय. मी गेले दोन महिने घोळतोय मनात, की म्हाताऱ्याला किती राबवायचं? आवाज राहिला नाही त्याचा. मानाचा मोठा फलक द्यावा, मेजवानी करावी, आणि दुपारची कथा टेपेवर लावावी. पण मन धजत नव्हतं. आता आई स्वतःच यंत्र उठवून सांगतेय, मला हा आवाज हवा!”

लानताईनं मनात हिशेब केला. देवीच्या जन्मोत्सवाआधी पंचांची बैठक होती. तिथं कोआसाहेब कौल लावणार, आणि इतकी ठळक खूण सांगून लावलेला कौल उलटा पडल्याचं गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. म्हणजे काकांचं स्टूल जाणार. आणि टेप काही कुणासाठी “पुढचं उद्या” म्हणून थांबत नाही. ती आपली शेवटपर्यंत गाते.

बरं, देवीचीच इच्छा असेल तर आडवं येणारी आपण कोण? पण नुसता बिघाड असेल तर? यंत्र देवीनं उठवलं की दुसऱ्या कुणी, एवढं कळलं पाहिजे. तिनं बिंगहुईला फोन लावला.

बिंगहुईचं कॉम्प्युटरचं दुकान. पोरगा बोलायला फटकळ, पण आला तो हिरव्या पुड्यातला मक्याचा खाऊ घेऊनच. हा पुडा यंत्रावर ठेवला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. बँकेतसुद्धा ठेवतात.

“आधीचा पुडा कुठंय? हा बघा! तारीख उलटून गेली होती याची. मग यंत्र रुसणार नाही तर काय?” त्यानं नवा पुडा ठेवला, टेबलावर कोपरं रोवून बसला आणि बोटं चालवायला लागला. “थांबा, त्यालाच विचारू, बाबा, तुला कुणी उठवलं ते.”

“ते सांगतं?”

“माणसांपेक्षा बरं सांगतं. हे बघा. शेवटची जाग माउसमुळे.”

लानताईला हायसं वाटलं. ती धावत जाऊन कोआसाहेबांना मागच्या खोलीत घेऊन आली नि म्हणाली, “साहेब, माउसनं उठवलंय!”

“मग?” कोआसाहेब शांतपणे म्हणाले. “आई माउसनेच उठवणार ना! टायपिंग येतं का तिला?”

लानताईनं माउसकडे पाहिलं. खरंच की, माउस हलला, पण हलवला कुणी?

बिंगहुई म्हणाला, “सोपं आहे. माउसला उठवायची परवानगी असते, सेटिंगमधली ती खूण काढून टाकतो. विषय संपला.”

“खबरदार!” कोआसाहेबांनी त्याचा हातच धरला. “आईचा हात बांधतोस? बैठक होईपर्यंत कुणी काही काढायचं नाही. आणि लानताई, तू परवा ते गाणं बंद करून मग यंत्र झोपवलंस म्हणे. नुसताच पडदा उजळला, आवाज नाही. आईचं तोंड दाबू नकोस हो.”

“साहेब, उंदीर असेल!” बिंगहुई म्हणाला.

“उंदीर रोज जेवणानंतर येतो, आणि रोज माउसच हलवतो? खाऊचा पुडा समोर असताना?”

हे मात्र बिंगहुईला पटलं. त्यानं माउस बदलून दिला, खालची काच काढून रबरी चटई घातली, पैसे घेतले नाहीत, आणि जाता जाता म्हणाला, “ताई, तुम्ही आपल्या एक दुपार जाग्या राहा. समोर बसा. जो कोण असेल तो दिसेल.”

लानताई जागी राहिली. टेबलाशी खुर्ची ओढली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, हनुवटी तळहातांवर ठेवली आणि माउसवर अशी नजर लावली, की बगळ्यानं तिच्याकडून शिकून घ्यावं. टेबलापलीकडे काका घोरत होते. पंखा फिरत होता. माउस जागचा हलला नाही. यंत्र बाळासारखं झोपून राहिलं.

दुसऱ्या दुपारीही तसंच. तिसऱ्या दुपारी ती थकून बाहेर आपल्या जागी झोपली, आणि लगेच आतून घंटेसारखा आवाज: ‘सून उभी गं दारात...’

आता बोला! ती जागी असली की यंत्र झोपतं, ती झोपली की यंत्र जागं होतं. हे कळल्यावर कोआसाहेबांना तर आभाळ ठेंगणं झालं. “देव कधी डोळ्यांदेखत येतो का? तू पहाऱ्याला बसलीस म्हणून आई आली नाही. आणखी कसला पुरावा पाहिजे तुला?”

लानताईनं देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले. संध्याकाळी मंडपात कुणी नाही असं बघून तिनं कौलाचे दोन लाकडी ठोकळे उचलले, चंद्रकोरीच्या आकाराचे, एका अंगानं सपाट, दुसऱ्या अंगानं फुगीर. वर आलेलं अंग एकाचं सपाट नि एकाचं फुगीर, तर देवी हो म्हणाली. दोन्ही फुगीर, तर नाही. दोन्ही सपाट पडले आणि डुलत राहिले, तर देवी हसली.

“माय, यंत्र तू उठवतेस का?”

ठोकळे पडले. दोन्ही सपाट. डुलले.

“बरं, मग तू नाहीस का? बिघाड आहे?”

दोन्ही सपाट.

“काकांना उठवायचंय का स्टुलावरून? सरळ सांग ना!”

पुन्हा देवी हसली. लानताईच्या डोळ्यांत पाणी आलं. “हस हो, हस,” ती पुटपुटली. “तुझं काय जातंय!”

मागे काका वीणेला कापड गुंडाळत होते. “लान, पोरी, कशाला तिला छळतेस? कोआचं मी ऐकलंय. त्या यंत्रातला तो थियाम आहे ना, काय गातो गं लेकाचा! मीसुद्धा त्याचंच ऐकेन. देवीला चांगलं काय ते बरोबर कळतं.”

“आणि तुम्ही काय करणार?”

“झोपेन. आता काही कुणी ‘काका, कथेची वेळ झाली’ म्हणून उठवणार नाही.” ते हसले, पण वीणेच्या कापडाची गाठ त्यांना बांधता येत नव्हती. शेवटी तिनं बांधली.

बैठकीच्या दिवशी पंच दुपारीच यायचे होते, झोप उरकून. लानताईला जेवण गेलं नाही. ती आपल्या टेबलावर डोकं टाकून पडली. रोज ती देवीकडे तोंड करून झोपे, त्या दिवशी मात्र रुसली. ‘तुझं तोंड बघत नाही जा,’ असं मनात म्हणून तिनं देवीकडे पाठ केली आणि मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड केलं.

डोकं टेबलावर, म्हणून नजर खालची. तिला कॉम्प्युटर दिसत नव्हता. टेबलाचे पाय दिसत होते, दोन पायांना जोडणारी आडवी लाकडी पट्टी दिसत होती, आणि त्या पट्टीवर ठेवलेले थियामकाकांचे पाय. जुनं टेबल ते, मेजवानीचं, एका पायानं लंगडं.

काका घोरत होते. घोरता घोरता घोरणं थांबलं आणि त्यांचा उजवा पाय हलला. टाच उचलली, पट्टीवर पडली. पुन्हा उचलली, पडली. टक, टक, टकटक, आणि एक विसावा. टक, टक, टकटक.

लानताईनं कान टवकारले. तो ठेका तिच्या हाडांत भिनलेला होता. मिठागराच्या सुनेचा ठेका! काका झोपेत कथा सांगत होते. टाच पडली की पट्टी हले, पट्टी हलली की लंगडं टेबल थरथरे, आणि टेबलावर...

‘सून उभी गं दारात, वाटी पेजेची हातात...’

तिनं मान उचलली, तर झोपलेल्या काकांच्या तोंडावर हसू पसरलं होतं आणि पाय आणखी रंगात आला होता.

ती उठून बसली. म्हणजे देवी नव्हे, टाच! आणि आपण पहाऱ्याला बसलो तेव्हा आपल्याच कोपरांच्या भारानं टेबल दाबून धरलेलं. बिंगहुईनंही तेच केलं. तिला हसू फुटलं, आणि अर्ध्यावरच थांबलं. टाच काकांची खरी, पण झोपलेल्या माणसाची टाच हलवतो कोण? आणि आपण आजच पाठ फिरवली, रुसलो, म्हणून हे दिसलं. मग रुसायला लावलं कुणी? तिनं वळून गाभाऱ्याकडे पाहिलं. माचोमाय धुरामागे बसली होती, नेहमीसारखी, पापण्या अर्ध्या मिटून. 

पंच आले. कोआसाहेब ठोकळे हातात घेऊन उभे राहणार, तेवढ्यात लानताई आडवी आली. “साहेब, थांबा. यंत्र काकांचा पाय उठवतो. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“पाय? झोपलेल्या माणसाचा?”

“चला, दाखवते.”

सगळे मागच्या खोलीत शिरले. कोआसाहेब, गंमत बघायला आलेला बिंगहुई, आणि पंचांतल्या तांदूळवाल्या बीकिमबाई, ज्यांच्या जिभेला सारा बाजार वचकून असे. काका नुकते उठून डोळे चोळत होते. लानताईनं यंत्र झोपवलं.

“काका, जरा झोपा.”

“आत्ताच तर उठलो!”

“पुन्हा झोपा. काम आहे.”

काका बिचारे आडवे झाले, डोळे मिटले. सगळे टेबलावर हात टेकून वाकले आणि वाट बघू लागले. काही होईना. काकांनी एक डोळा उघडला. “एवढी माणसं बघतायत. मी काय सरणावर आहे का?”

“घोरा तरी!” बिंगहुई म्हणाला.

“तू घोरून दाखव.”

“लानताई,” कोआसाहेब नरमाईनं म्हणाले, “तुझी माया कळते गं मला. पण उगीच...”

“टेबल सोडा!” ती एकदम ओरडली. “सगळ्यांनी हात काढा टेबलावरून! आणि काका, झोपू नका. सुनेची कथा मनात म्हणा. नुसती मनात.”

सगळे दचकून मागे सरले. काकांनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. थोड्या वेळानं टाच उचलली गेली. टक, टक, टकटक. टेबल थरथरलं, मक्याच्या खाऊचा पुडा सळसळला, पडदा उजळला आणि यंत्रातला तरुण थियाम गायला लागला:

‘भिकारीण गेली वाटेनं, सासू धावली लाटणं घेऊन...’

“अरे हळू!” काका उठूनच बसले आणि यंत्रावर खेकसले. “सून अजून दारात उभी आहे आणि तू सासूला बाहेर काढतोस? तिला जरा उभं तर राहू दे! हातात वाटी आहे तिच्या, वाफ येतेय तिच्यातून, आणि तिला स्वतःला भूक लागलीय, ते कोण सांगणार? काय मेली घाई असते तरुणपणी!”

आणि त्यांनी वीणा नसतानाच, मांडीवर ठेका धरून, त्या राखेच्या आवाजात सुरुवात केली. सून दारात उभी राहिली. आत सासूची चाहूल. बाहेर भिकारणीचे दोन डोळे. वाटी एकच. आवाज फाटत होता, आणि फाटायचा तिथं काका थांबत होते, आणि ते थांबले की खोलीतली माणसं पुढे झुकत होती.

मागून यंत्र आपलं गातच होतं.

“अहो, ते बंद करा ना कुणीतरी!” बीकिमबाई ओरडल्या. “काही ऐकू येत नाही!”

कोआसाहेबांनीच हात लांब करून आवाज बंद केला. मग आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं. ते हाताकडे बघत राहिले. खाली फरशीवरच बसले.

काकांनी सुनेचा हात पुढे केला, वाटी भिकारणीच्या ओंजळीशी नेली, सासूनं पडदा सारला, आणि ते थांबले. “पुढचं उद्या.”

“अहो, पण पंचांची बैठक!” बिंगहुई म्हणाला. “कौल लावायचाय ना?”

“लावतो,” कोआसाहेब उठत म्हणाले. “कायदा तो कायदा. पण आता विचारायचं काय, तेच कळेना झालंय.” ते मंडपात गेले, देवीपुढे उभे राहिले, बराच वेळ ओठ हलवले, आणि ठोकळे टाकले. दोन्ही सपाट पडले. डुलले.

“हसली,” बीकिमबाई म्हणाल्या. “मी असते तर मीही हसले असते. विचारलंत काय?”

“विचारलं, की ती सासू उद्या वाटी हिसकते की नाही.”

मग फलकाचा विषय कुणी काढला नाही, आणि स्टूल जिथं होतं तिथंच राहिलं. संध्याकाळी बिंगहुईनं माउसची ती खूण काढून टाकली. या वेळी कोआसाहेब मध्ये पडले नाहीत, फक्त म्हणाले, “आईला लागलंच, तर दुसरा रस्ता सापडेल तिला.” लानताईनं काकांना पायाचं काही सांगितलं नाही, नि दुसऱ्या कुणाला सांगू दिलं नाही. ते पाय पट्टीवरून काढून घेतील, अशी तिला भीती वाटली.

आता दुपारी यंत्र शहाण्यासारखं झोपतं. काका झोपतात, बंदर झोपतं. लानताई तेवढी पडल्या पडल्या जागी असते. आतून लाकडावर टाच वाजत असते. टक, टक, टकटक. ती ठेका मोजत नाही. नुसती कान देऊन अंदाज घेत असते, की सून आज कुठवर पोहोचलीय.